परक्या समाजाचं आत्मकथन कसं वाचावं

कोल्हापूरचा माणूस आठवणी लिहायला बसला तर ताटात तांबड्याबरोबर पांढरा रस्सा का आला, हे सांगत बसणार नाही. तसं सांगावं असं त्याच्या डोक्यातच येणार नाही. परक्या समाजाचं आत्मकथन वाचताना अशाच, लेखकाने सहज लिहून टाकलेल्या गोष्टी वेचायच्या असतात.

आधी प्रकाशनाचं पान उघडा. पहिली आवृत्ती कधीची, अनुवाद आहे का, शब्दांकन दुसऱ्याचं आहे का, हे बघा. शब्दांकन असेल तर भाषेवरून लेखकाच्या स्वभावाचे अंदाज बांधू नका. मग प्रसंग घडल्याचं साल आणि लिहिल्याचं साल यांतलं अंतर काढा. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' 1934 पासून भागाभागाने पुस्तकरूपात आली. त्यांच्या पतीने ख्रिस्ती धर्म स्वीकारला 1895 मध्ये, त्यांनी स्वतः 1900 मध्ये. म्हणजे त्या ओढाताणीकडे पाहून हसणारी लेखिका आजीच्या वयाची आहे. तेव्हाची तरुण बाई अशीच हसत होती असं धरू नका.

रोज 25-30 पानं पुरेत. करवीर नगर वाचन मंदिरातून पुस्तक आणलं असेल तर पेन्सिल त्यावर चालवू नका, वही घ्या. पानावर तीन रकाने पाडा: काय घडलं, पुस्तकातल्या कुणी त्यावर भुवया उंचावल्या, आणि तुमचा अंदाज. एका बैठकीला तीन-चार नोंदी, बास. सगळंच टिपायला गेलात तर आठवड्यात वही बंद पडते.

मधला रकाना सगळ्यात कामाचा. ज्या गोष्टीवर पुस्तकातलं कुणीच काही बोलत नाही, तो बहुधा रिवाज. जिच्यावर शेजारीपाजारी कुजबुजतात किंवा घरचेच वैतागतात, तो त्या माणसाचा स्वभाव. 'स्मृतिचित्रे'मध्ये वडिलांचं सोवळं टोकाला गेलेलं दिसतं. 'त्या काळी असंच असायचं' म्हणून पुढे गेलात तर फसलात. 1857 च्या बंडानंतर घरातल्या नातलगाला फाशी झाली, त्या धक्क्यानंतर ते सोवळं वाढलं, आणि घरचे त्याने जेरीस आले होते. याउलट लक्ष्मीबाईंचं लग्न कोवळ्या वयात झालं, यात तिथे कुणाला नवल वाटत नाही. पहिली नोंद एका माणसाची, दुसरी समाजाची. ही कसोटी शंभर टक्के चालत नाही: लेखक बंडखोर असेल तर तो रिवाजावरही मुद्दाम बोट ठेवतो. अशा ठिकाणी प्रश्नचिन्ह टाका.

अनोळखी शब्द आला की लगेच कोश उघडू नका. तीनदा येऊ द्या, बहुतेक वेळा अर्थ आपोआप लागतो. नात्यांचे शब्द मात्र पहिल्याच दिवशी लावून घ्या, नाहीतर पन्नासाव्या पानावर कोण कुणाची जाऊ हेच कळेनासं होतं. पैशाचे आकडे आजच्या रुपयांत मोजू नका. त्याच पुस्तकातली दिवसाची मजुरी किंवा धान्याचा भाव शोधा आणि त्यावरून तोला.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे एका पुस्तकावरून अख्ख्या समाजावर शिक्का मारणं. गंगावेश तालमीतल्या एका पैलवानाच्या आठवणी वाचून कुणी 'कोल्हापूरकर असेच' म्हणालं तर आपण ऐकून घेऊ का? म्हणून जोडीला दुसरं पुस्तक हवंच, शक्यतो वेगळ्या घरातलं. पहिलं पुरुषाचं असेल तर दुसरं बाईचं. वेगळ्या समाजाचं पुस्तक जोडीला घेतलं तरी उपयोग होतो: लक्ष्मण माने यांचं 'उपरा' (1980) आणि लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या' (1987) लागोपाठ वाचा. कैकाडी आणि उचल्या हे दोन वेगळे समाज, भागही वेगळे. दोन्हींत पोलिसांची भीती दिसली की 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा आठवा; त्याने अख्ख्या जमातींनाच जन्मतः गुन्हेगार ठरवलं होतं. तो 1952 मध्ये रद्द झाला, पण शिक्का लगेच पुसला गेला नाही. कायदा ठाऊक नसेल तर ती भीती एखाद्या कुटुंबाची वाटते.

शेवटी त्या समाजातल्या ओळखीच्या माणसाशी बोला, पण 'तुमच्यात असंच असतं का?' असं विचारू नका. त्याला सगळ्या समाजाचा वकील व्हावं लागतं आणि उत्तर गुळमुळीत मिळतं. वहीतली एकच वस्तू किंवा विधी घ्या आणि 'तुमच्या घरी हे कसं करायचे?' एवढंच विचारा. 'आमच्याकडे नव्हतं असं काही' हे उत्तर आलं तर तेही तिसऱ्या रकान्यात लिहा.