सेनेगलच्या किनाऱ्यावर आडनाव विचारण्याआधी

आडनाव कळलं की माणसाची जात, जिल्हा, ताटात काय असेल इथपर्यंत अंदाज बांधायची आपल्याला सवय. ही सवय डाकारला उतरताच सोडा. सेनेगलच्या मच्छीमार वस्त्यांवर शोधकार्य करताना महिनाभराच्या नोंदी हिच्यापायी वाया जाऊ शकतात, आणि ती हळहळ लवकर जात नाही.

वोलोफ या तिथल्या मुख्य भाषेत आडनावाला 'सांत' म्हणतात. पहिल्या दोन मिनिटांत ते विचारलं जातं, पण त्यावरून गट कळत नाही. न्जाय आडनावाचे लोक वोलोफ, सेरेर आणि लेबू या तिन्ही गटांत सापडतात. शिवाय आडनावं बदलून घेतली जातात: मालीकडचा जारा इथे न्जाय ठरतो, त्राओरे जोप ठरतो. वहीत आडनावापासून गटाकडे बाण काढला असेल तर आधी तो खोडा.

'गट' असा एकच रकाना ठेवूच नका. वडिलांचं गाव, आईचं गाव, घरातली भाषा, होडीवरची भाषा, बाजारातली भाषा आणि मस्करीचं नातं (एकमेकांना चिडवायची मुभा) कुणाशी, असे निदान सहा हवेत. आईचं गाव गाळायचा मोह होतो. गाळू नका, सेरेरांत वंश आणि वारसा आईकडूनही मोजतात. दक्षिणेकडच्या काझामांस भागातला जोला गटाचा माणूस तर आधी गावाचंच नाव सांगेल.

डाकारमधला दुभाष्या सोबत नेणं हा सोपा मार्ग मला अजिबात पसंत नाही. स्वतःला वोलोफ म्हणवणारे साधारण 40 टक्के, पण ती भाषा कळणारे 80 टक्क्यांच्या वर. तुम्ही वोलोफमध्ये विचारलंत की न्योमिंका सेरेरही (सेरेरांतले बेटांवरचे मच्छीमार) वोलोफमध्येच उत्तर देतो, आणि तुमच्या वहीत अख्खा किनारा वोलोफ होऊन बसतो. 'जनगणनेचे गट उचल आणि सुरू कर' म्हणणारे मार्गदर्शक त्या वाळूवर फिरले असतील का, शंकाच आहे.

मस्करीच्या नात्यांना मात्र घाबरू नका. न्जाय आणि जोप एकमेकांना खादाड म्हणतात. सेरेर आणि जोला एकमेकांना गुलाम म्हणतात आणि आगेन व जाम्बोन्य या बहिणींची कथा सांगतात: सांगोमार या किनाऱ्यावरच्या टोकाशी होडी दुभंगली, एक उत्तरेला गेली, तिचे सेरेर झाले; एक दक्षिणेला, तिचे जोला. यजमान तुम्हालाही एखादं सांत देतील. आनंदाने घ्या, चिडवणं सोसा. पण 'गुलाम' हा शब्द स्वतः उच्चारू नका. तिथे गुलामीचा आणि जातींचा खरा इतिहास आहे, कुणाला हसायचा हक्क आहे हे त्यांना बरोबर ठाऊक असतं. आणि या नात्यांमुळे तिथे तंटेच नाहीत असंही लिहू नका. काझामांसचा फुटीरतावादी संघर्ष 1982 पासूनचा आहे.

भांडण दिसलं की लगेच 'वांशिक' शिक्का नको. कयार या मच्छीमार गावात स्थानिक आणि सें लुई शहरातल्या गेत न्दार वस्तीतून आलेले मच्छीमार भिडले आहेत; मुद्दा होता एकाच पाण्यात गळ टाकायचा की तळाशी जाळी लावून ठेवायची. म्हणून आधी साधनं विचारा, मग वाटणी: पेट्रोल, बर्फ, जेवणाचा खर्च वजा झाल्यावर होडीचा, इंजिनाचा, जाळ्याचा आणि माणसांचा वाटा किती. कोण कुणाच्या होडीवर जातो हे इथे उलगडतं.

होड्या किनाऱ्याला लागताना कुणाला प्रश्न विचारू नका. जाळी दुरुस्त करायला बसतात ती वेळ धरा; तेव्हा हात गुंतलेले असतात आणि तोंड मोकळं.