हार्डवेअरच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

एमएस-सीआयटी किंवा आयटीआयचा कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटरचा कोर्स) करून बरीच मुलं आमच्याकडे काम शिकायला येतात. टायपिंग, एक्सेल पक्कं असतं, पण कॅबिनेटचं झाकण उघडलं की हात आखडतात. त्यांना मी आधी एक जुना डेस्कटॉप देतो. वीज बंद, केबल काढलेली. सगळं सोडायचं आणि पुन्हा जोडायचं. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा भाग) ही नावं वहीत लिहून राहत नाहीत, हाताळून राहतात. एसएमपीएसची पेटी मात्र नवख्याने उघडू नये. वीज काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये भार शिल्लक असतो.

सर्वांत जास्त वेळ मी रॅम आणि स्टोरेज यांतल्या फरकावर घालवतो, कारण तिथे गिऱ्हाइकाचे पैसे वाया जातात. ‘मेमरी फुल झाली, पीसी हँग होतो’ ही तक्रार रोजची. तिच्यामागे तीन वेगळी दुखणी असू शकतात. रॅममध्ये चालू काम असतं आणि वीज गेली की ते पुसलं जातं. हार्ड डिस्क किंवा एसएसडीवर फाइली कायम राहतात. म्हणून आधी विचारा: मशीन सुरू होतानाच रखडतं, की क्रोमचे वीस टॅब उघडल्यावर? मग टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्स पाहा. मेमरी ९० टक्क्यांच्या वर अडकली असेल तर रॅम वाढवून फरक पडेल. मेमरी मोकळी आहे, पण डिस्क सतत १०० टक्क्यांवर आहे आणि आत जुनी हार्ड डिस्क आहे, तर एसएसडी टाका. सी ड्राइव्ह लाल दिसत असेल तर जागा मोकळी करा, काही विकत घ्यायची गरजच नाही. हे न पाहता ‘रॅम वाढवा’ असं सांगणं मला अजिबात पटत नाही.

रॅम घेण्यापूर्वी सिस्टीम टाइपही बघा. घरगुती विंडोज ३२ बिटची असेल तर ४ जीबीच्या वरची रॅम ती वापरूच शकत नाही. डीडीआर३ आणि डीडीआर४ या रॅमच्या जातींची खाच वेगळ्या जागी असते. बसत नसेल तर जोर लावू नका, जात तपासा. एम.२ (थेट मदरबोर्डवर बसणाऱ्या, पट्टीसारख्या) एसएसडीच्या बाबतीत गफलत सोपी आहे: साटा आणि एनव्हीएमई या तिच्या दोन्ही जाती दिसायला जवळपास सारख्या. साटाची गती सेकंदाला साधारण ५५० एमबीपाशी थांबते, एनव्हीएमई हजारांत जाते. स्लॉट कुठली चालवतो, हे मदरबोर्डच्या मॅन्युअलमध्येच कळतं.

१ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसली की गिऱ्हाईक फसवणूक समजतं. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४च्या. कागदावर गणित करून दाखवा, विश्वास बसतो.

‘डिस्प्ले येत नाही’ म्हटलं की आधी रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा, पुन्हा बसवा. पुष्कळ मशिनं एवढ्यावर चालू होतात. तारीख रोज मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा सेल संपत आला आहे. तारीख चुकली की ब्राउझर साइट असुरक्षित असल्याचं सांगतो आणि लोक व्हायरस शोधत बसतात.

विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, त्यामुळे ‘अकरा टाकून द्या’ म्हणणारे पुष्कळ येतात. विंडोज ११ला टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी सोय) लागतं. ते अनेक मशिनांत असतंच, फक्त बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) बंद असतं. इंटेलवर पीटीटी आणि एएमडीवर एफटीपीएम या नावाने शोधा. बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते पाहा आणि असेल तर रिकव्हरी की गिऱ्हाइकाकडून आधीच मागून घ्या. ती नसेल आणि मशीन पुढच्या वेळी ती मागत बसलं, तर आतला डेटा कोणालाच काढून देता येत नाही.