तेल-वायूचं धोरण पेलेल का, हे असं तपासा

पाकणीच्या डेपोतून माझा टँकर डिझेल भरून निघतो, तेव्हा त्यातलं बहुतेक परदेशी कच्च्या तेलातून आलेलं असतं. म्हणून धोरण हातात आलं की आधी आयात बघा: आपली 85 टक्क्यांहून जास्त गरज बाहेरूनच भागते. मग सरकारने अडचणीच्या वेळेसाठी बांधलेल्या कच्च्या तेलाच्या साठ्यांची क्षमता. विशाखापट्टणम 13.3 लाख टन, मंगळूर 15, पादूर 25, बेरीज 53.3. याला 2019-20च्या रोजच्या खपाने भागा, जेमतेम साडेनऊ दिवस! मला हेच सगळ्यात जास्त खुपतं. कंपन्यांच्या टाक्या मात्र वेगळ्या मोजा. वायूचं उद्दिष्ट 2030पर्यंत ऊर्जेत 15 टक्के; पाइपलाइन तुमच्या गल्लीपर्यंत आली का, जाऊन बघा. पेट्रोलमध्ये मिसळायचं उसाचं इथेनॉल जमेला धरताना त्या उसाने उजनी धरणाचं किती पाणी प्यायलं, तेही खर्चात लिहा.