चेहऱ्यातील नसेचे दुखणे : निदानाचा कोड आणि शस्त्रक्रियेचे कागद

इंदूरच्या मराठी घरांत हे दुखणे ‘चेहऱ्याची नस दुखते’ असे सांगितले जाते, आणि विम्याच्या फाइलमधील पहिली चूक बहुधा याच शब्दांतून जन्म घेते. ज्या नसेला वैद्यकात ‘फेशियल नर्व्ह’ म्हणतात, ती मेंदूतून निघणाऱ्या बारा जोड्यांपैकी सातवी असून तिचे मुख्य काम चेहऱ्याचे स्नायू हलवण्याचे आहे. कळ मात्र पाचव्या, म्हणजे ट्रायजेमिनल नसेची असते, कारण कपाळ, गाल आणि जबडा यांची संवेदना तीच वाहून नेते. आयसीडी-१० मध्ये, म्हणजे आजारांच्या जागतिक कोड-यादीच्या दहाव्या आवृत्तीत, पाचव्या नसेचे विकार जी ५० खाली येतात आणि सातव्या नसेचे जी ५१ खाली. रामबागेतील एका काकूंच्या कागदावर नुसते ‘फेशियल न्यूराल्जिया’ असे वाचून रुग्णालयाच्या खिडकीवर जी ५१.० हा चेहऱ्याच्या लकव्याचा कोड लावला गेला. लकव्यासाठी कवटी कशाला उघडायची, असे विमा कंपनीने विचारले, आणि तिचे विचारणे रास्तच होते.

म्हणून कोड शोधण्यापूर्वी डॉक्टरांनी लिहिलेले वर्णन वाचावे. चेहऱ्याच्या एका बाजूला करंट लागावा तशी, काही सेकंदांपासून दोन मिनिटांपर्यंत टिकणारी कळ, आणि ती दात घासताना, पोह्यांचा घास चावताना किंवा गार वारा लागताच उठत असेल, तर निदान ट्रायजेमिनल न्यूराल्जिया आणि कोड जी ५०.०. असे झटके नसून दिवसभर मंद ठणका असेल आणि डॉक्टरांनी ‘अटिपिकल फेशियल पेन’ लिहिले असेल, तर जी ५०.१. नागीण होऊन गेल्यावर राहिलेल्या वेदनेसाठी बी ०२.२ आणि त्याच्या जोडीला जी ५३.० लागतो. कळ घशात किंवा जिभेच्या मुळाशी असेल, तर नसच निराळी, नववी, आणि तिचा कोड जी ५२.१. गाठ किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस (नसांवरील आवरण झिजवणारा आजार) आढळल्यास त्या मूळ आजाराचा कोड गाळू नये. आयसीडी-११ या पुढच्या आवृत्तीत ट्रायजेमिनल न्यूराल्जियाचा कोड ८बी८२.० आहे, मात्र फॉर्मवर आयसीडी-१० विचारले असेल, तर तेथे हा लिहू नये.

जी ५०.० या कोडमध्ये उजवी-डावी बाजू नसते. ती शब्दांत लिहून घ्यावी लागते, आणि एमआरआय, संमतिपत्र व डिस्चार्ज कार्ड या तिन्हींवर ती एकच असावी.

शस्त्रक्रियेचा विचार बहुधा कार्बामाझेपीनसारख्या औषधाने कळ आवरेनाशी झाली, किंवा त्या औषधाने गुंगी, तोल जाणे, रक्तातील सोडियम घटणे असे त्रास सुरू झाले, तेव्हा होतो. हे सिद्ध करणारे कागद म्हणजे तारीख आणि मात्रा असलेली जुनी प्रिस्क्रिप्शने व रक्ताचे अहवाल. ते रद्दीत जाऊ देऊ नयेत. दातांचे दुखणे समजून दाढ काढली असेल, तर तेही सांगावे. नस आणि रक्तवाहिनी यांचा संबंध पाहण्यासाठी एमआरआय ‘फिएस्टा’ किंवा ‘सिस’ या बारीक छेदांच्या पद्धतीने करतात. अहवालात रक्तवाहिनी टेकलेली दिसली नाही, तरी निदान खोटे ठरत नाही, कारण ते मुख्यतः रुग्णाच्या सांगण्यावरून होते.

मायक्रोव्हॅस्क्युलर डीकम्प्रेशन या शस्त्रक्रियेत पूर्ण भूल देऊन कानामागील हाडात छोटी खिडकी करतात आणि नसेला टेकलेली धमनी बाजूला सारून मध्ये टेफ्लॉनचा तुकडा ठेवतात. नस जाळली जात नाही आणि आराम सर्वांत दीर्घकाळ टिकतो. माझ्या मते प्रकृती भूल सोसण्याजोगी असेल, तर आधी याच पर्यायाबद्दल विचारावे. त्या बाजूचे ऐकू कमी येणे, मेंदूभोवतीचे पाणी गळणे, बधिरपणा हे धोके मात्र शस्त्रक्रियेआधीच समजून घ्यावेत. वय किंवा हृदयविकार आड येत असेल, तर गालातून सुई घालून रेडिओफ्रिक्वेन्सीची उष्णता, ग्लिसरॉल हे औषध किंवा छोट्या फुग्याचा (बलून) दाब यांनी नस बोथट करतात. तेथे थोडा बधिरपणा येतोच आणि काही वर्षांनी कळ परतू शकते. गॅमा नाइफ, म्हणजे नसेवर नेमके किरण सोडण्याचा उपचार, यात चिरा नसतो, पण आराम पडायला आठवडे, कधी महिने लागतात.

पूर्वमंजुरीच्या अर्जावर शस्त्रक्रियेचे पूर्ण नाव लिहावे, नुसते ‘नसेचे ऑपरेशन’ नव्हे. स्टिरिओटॅक्टिक रेडिओसर्जरी (गॅमा नाइफ याच प्रकारातली) आणि शस्त्रक्रियेदरम्यानचे न्यूरो मॉनिटरिंग, म्हणजे नसांवर यंत्राने ठेवलेली नजर, ही दोन्ही विमा नियामकाच्या आधुनिक उपचारांच्या यादीत आहेत; पॉलिसीत त्यांच्यासाठी निराळी मर्यादा आहे का, हे आधी पाहावे. ‘दुखणे कधीपासून’ याचे उत्तर घरातील सर्वांनी एकच आणि खरे द्यावे. २०२४ पासून आधीच्या आजारासाठी प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त ३ वर्षांचा आहे, आणि एका कागदावर ‘सहा महिने’ तर दुसऱ्यावर ‘सहा वर्षे’ असेल, तर दावा तेथेच अडतो.

घरी निघण्यापूर्वी डिस्चार्ज कार्डावरील कोड, बाजू आणि शस्त्रक्रियेचे नाव वाचून पाहावे, आणि काही चुकले असेल, तर डॉक्टर रुग्णालयात आहेत तोवरच सही-शिक्क्यासह दुरुस्त करून घ्यावे.