इंडस्ट्रियल फ्लोअर लॅम्प घेताना

इंडस्ट्रियल फ्लोअर लॅम्प म्हणजे कारखान्यातल्यासारखा दिसणारा, जमिनीवर उभा राहणारा धातूचा दिवा. आधी त्याचं बूड तपासा. दिव्याचा दांडा वरच्या टोकाला धरून हलकेच ढकला. डुगडुगला तर तो दिवा घेऊच नका. पुढे झुकलेल्या हाताचा दिवा असेल तर वजनदार बूड हवेच, नाहीतर शेडच्या भाराने तो कलंडतो.

वाचायला हवा असेल तर खुर्चीत बसून बघा. शेडची खालची कड डोळ्यांच्या पातळीला, म्हणजे जमिनीपासून साधारण १०० ते ११० सेंमीवर यावी. त्याहून वर असली की बल्ब थेट डोळ्यात खुपतो.

सगळ्यात महत्त्वाचं अर्थिंग. अंग लोखंडी, पण प्लग दोन पिनांचा, असे दिवे सर्रास विकले जातात. आतली वायर सोलवटली तर अख्ख्या दांड्यात करंट उतरतो. तीन पिनांचा प्लग आणि हिरवी वायर दांड्याला स्क्रूने घट्ट जोडलेली, एवढं बघाच. वायर दांड्यात शिरते त्या भोकाला रबरी बूच हवं; धारदार कडेवर घासूनच ती सोलवटते.

होल्डर पिनांचा की आट्यांचा, ते पाहून बल्ब घ्या. उबदार, पिवळसर उजेडासाठी २७०० केल्विन (हे उजेडाच्या रंगछटेचं माप). डिमर, म्हणजे उजेड कमी-जास्त करायचं बटण, असेल तर बल्ब ‘डिमेबल’च घ्या, नाहीतर तो लुकलुकतो. कोकणातल्या दमट हवेत रंग न दिलेलं लोखंड लगेच गंजतं, तिथे पावडर कोटिंगच (भट्टीत भाजून बसवलेला पावडरीचा रंग) बरं.