वर्षानुवर्षं धूळ खात पडलेलं लिनक्स मशीन अपडेट कसं करायचं

बरीच वर्षं कोणी हात न लावलेलं लिनक्स मशीन समोर आलं की बहुतेक जण पहिलं काय करतात तर टर्मिनल उघडून थेट 'सुडो एपीटी अपग्रेड' मारतात, मग स्क्रीनभर एरर आले की म्हणतात लिनक्स बेकार. लिनक्स बेकार नाहीये, क्रम उलटा झालाय. जुन्या सिस्टमवर अपग्रेडची कमांड ही जवळपास शेवटची गोष्ट. त्याआधी आपण नक्की कुठल्या व्हर्जनवर आहोत, ते व्हर्जन अजून जिवंत आहे का, तिथून आजच्यापर्यंत किती टप्पे आहेत हे कळायला हवं आणि निम्मा वेळ त्यातच जातो, जाऊ द्या.

कमांड्स इथे उच्चारानुसार देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच नेहमीच्या रोमन स्पेलिंगनेच टाका.

सुरुवातीला फक्त बघायचं, काहीही बदलायचं नाही. 'कॅट /ईटीसी/ओएस-रिलीज' केलं की डिस्ट्रो (म्हणजे लिनक्सचा प्रकार, उबुंटू, डेबियन, फेडोरा वगैरे) आणि व्हर्जन कळतं. 'युनेम -एम' ने चालू कर्नल (लिनक्सचा गाभा) ६४ बिट आहे की ३२ बिट ते कळतं, आणि हे आत्ताच बघून ठेवा कारण डेबियन १३ मध्ये ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलर आणि कर्नल दोन्ही नाहीत, म्हणजे तसलं जुनं मशीन १२ वरच थांबणार. 'डीएफ -एच' ने जागा बघा, खास करून /बूट वेगळं पार्टिशन असेल तर ते, कारण जुन्या कर्नलनी ते भरलेलं असतं आणि नवा कर्नल टाकताना अर्ध्यात जागा संपली तर त्यासारखी कटकट नाही. आणि 'डेट' टाका. हसू नका, बॅटरी गेलेल्या मशीनचं घड्याळ काही वर्षं मागे असतं, आणि घड्याळ चुकीचं असेल तर सर्टिफिकेट आणि सह्यांची तपासणी फसते, मग माणूस तासभर नेटवर्कमध्ये दोष शोधत बसतो.

आता व्हर्जन जिवंत आहे का ते. उबुंटूच्या एलटीएसला, म्हणजे लांब सपोर्टवाल्या व्हर्जनला, साधारण ५ वर्षं सपोर्ट असतो, मधल्या व्हर्जनला फक्त ९ महिने. १८.०४ चा साधा सपोर्ट २०२३ मध्ये संपला, २०.०४ चा २०२५ मध्ये. फेडोराचं प्रत्येक व्हर्जन साधारण १३ महिने चालतं. सेंटओएस ८ डिसेंबर २०२१ मध्ये संपलं, सेंटओएस ७ जून २०२४ मध्ये. डेबियनमध्ये बस्टर म्हणजे १० हे २०१९ ला आलेलं, बुल्सआय ११ हे २०२१ चं, बुकवर्म १२ हे २०२३ चं आणि ट्रिक्सी १३ हे ऑगस्ट २०२५ चं. तुमचं व्हर्जन मेलेलं असलं तरी घाबरायचं कारण नाही, फक्त रस्ता थोडा लांबचा होतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. मशीन इतकी वर्षं इंटरनेटवर उघडं असेल, म्हणजे पब्लिक आयपी, एसएसएच (दुरून लॉगिन करायची सोय) चालू, एखादी जुनी वेबसाइट चालू, तर ते अपडेट करत बसू नका. जानेवारी २०२२ मध्ये पोलकिट ह्या परवानग्या तपासणाऱ्या प्रोग्रॅममधला पॉनकिट नावाचा बग बाहेर आला, तो २००९ पासून कोडमध्ये होता आणि त्याने कुठलाही साधा युजर रूट, म्हणजे मशीनचा पूर्ण मालक, होऊ शकत होता, म्हणजे त्याच्या आधीपासून पॅच न केलेल्या मशीनवर वेबसाइटच्या भोकातून कोणी आत शिरलं तर पुढचं सगळं सोपं. अशा मशीनमध्ये आत्ता कोण बसलंय हे अपडेट करून कळत नाही आणि जातही नाही. डेटा काढा, तपासा, नवीन इन्स्टॉल करा. खालचं सगळं घरातल्या डेस्कटॉपसाठी, लॅपटॉपसाठी किंवा आतल्या नेटवर्कवरच्या सर्व्हरसाठी.

बॅकअप. हो माहितीये सगळे सांगतात, पण काय घ्यायचं ते कोणी सांगत नाही. /होम आणि /ईटीसी तर घ्याच, /व्हार/लिब मध्ये कुठल्या प्रोग्रॅमचा डेटा पडलाय ते बघा, आणि डेटाबेस असेल तर नुसत्या फाईल्स कॉपी करू नका, चालू डेटाबेसच्या कॉपी केलेल्या फाईल्स बऱ्याचदा उघडतच नाहीत, 'पीजी_डंपऑल' किंवा 'मायएसक्यूएलडंप' ने नीट डंप काढा. 'डीपीकेजी --गेट-सिलेक्शन्स' ची यादी एका फाईलमध्ये ठेवा, आरपीएमवाल्यांनी 'आरपीएम -क्यूए' ची. व्हर्च्युअल मशीन असेल तर स्नॅपशॉट, खरं मशीन असेल तर क्लोनझिलाने अख्ख्या डिस्कची इमेज, आणि ही इमेज त्याच डिस्कवर ठेवायची नाही एवढं डोकं वापरा.

बॅकअप झाला की रीबूट करा. अपग्रेडच्या आधी. हे लोक हमखास टाळतात आणि माझ्या मते हीच पायरी सगळ्यात कामाची आहे. 'अपटाइम' मध्ये ९०० दिवस दिसले की काहींना अभिमान वाटतो, पण त्याचा खरा अर्थ असा की हे मशीन बंद होऊन परत चालू होतं की नाही हे ९०० दिवसांत कोणी तपासलेलंच नाही. एफस्टॅबमध्ये (बूटला कुठली डिस्क कुठे जोडायची ती यादी) कधीतरी कोणी चुकीची ओळ टाकलेली असते, एखादी सर्व्हिस हाताने चालू केलेली असते पण बूटला लावलेली नसते, डिस्क मरायला टेकलेली असते. हे सगळं अपग्रेडनंतरच्या रीबूटला बाहेर आलं तर दोष अपग्रेडला जाणार आणि तुम्ही भलतीकडेच शोधणार. आधी रीबूट करून मशीन नीट उठलं तर निदान पाया कळला.

आता रिपॉझिटरी, म्हणजे पॅकेजेस जिथून येतात तो ऑनलाइन साठा. मेलेल्या व्हर्जनवर 'एपीटी अपडेट' केलं की ४०४ येतो, कारण पॅकेजेस नेहमीच्या मिररवरून हलवलेली असतात. डेबियनची जुनी व्हर्जन्स आर्काइव्ह डॉट डेबियन डॉट ऑर्ग वर जातात, बस्टर आता तिथेच आहे. उबुंटूची मधली व्हर्जन्स ओल्ड-रिलीजेस डॉट उबुंटू डॉट कॉम वर असतात, एलटीएसची मात्र बराच काळ मुख्य सर्व्हरवरच राहतात. सेंटओएसचं सगळं व्हॉल्ट डॉट सेंटओएस डॉट ऑर्ग वर. तर /ईटीसी/एपीटी/सोर्सेस.लिस्ट मध्ये पत्ता बदला, आणि 'सोर्सेस.लिस्ट.डी' फोल्डरमध्ये ज्या बाहेरच्या रिपॉझिटरी आहेत, ब्राउझरची, डॉकरची, कुठल्यातरी पीपीएची (उबुंटूसाठी कोणी वेगळी चालवलेली रिपॉझिटरी), त्या सगळ्या आत्तापुरत्या बंद करा. नंतर चालू करू, अर्ध्या तर लागणारही नाहीत. आर्काइव्हवर रिलीज फाईलची मुदत संपलीये असा एरर येऊ शकतो, तेव्हा तेवढ्यापुरतं '-ओ ॲक्वायर::चेक-व्हॅलिड-अंटिल=फॉल्स' जोडायचं, कायमचं कॉन्फिगमध्ये टाकायचं नाही.

सर्टिफिकेटचा एरर आला तर ३० सप्टेंबर २०२१ आठवा, त्या दिवशी लेट्स एन्क्रिप्ट ह्या फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेची साखळी ज्याच्यावर टेकलेली होती ते जुनं रूट सर्टिफिकेट संपलं आणि जुन्या ओपनएसएसएलवाल्या सिस्टम्स अचानक निम्म्या वेबसाइट्सवर विश्वास ठेवेनाशा झाल्या. उपाय म्हणजे आधी 'सीए-सर्टिफिकेट्स' पॅकेज नवं करायचं, एपीटीचा सोर्स तेवढ्यापुरता साध्या एचटीटीपीवर ठेवला तरी चालतं कारण पॅकेजवरची सही वेगळी तपासली जाते. पण सही तपासायच्या 'की'ची मुदत संपलीये म्हणून तपासणीच बंद करा असा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका, नवीन कीरिंग (ह्या कीजचं) पॅकेज आणा.

आता पुढच्या व्हर्जनवर उडी मारायच्या आधी आहे त्याच व्हर्जनचे सगळे अपडेट्स टाकून घ्या. त्याआधी 'डीपीकेजी --ऑडिट' ने अर्धवट पॅकेजेस बघा, 'एपीटी-मार्क शोहोल्ड' ने कोणी काही अडकवून ठेवलंय का बघा, अर्धवट असतील तर 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' आणि मग 'एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल'. /बूट भरलं असेल तर 'एपीटी ऑटोरिमूव्ह --पर्ज', पण तिथल्या फाईल्स हाताने डिलीट करू नका, डीपीकेजीला वाटत राहतं कर्नल आहे. आणि जागा अजूनही कमी असेल तर 'एपीटी क्लीन' आणि 'जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइज=२००एम' ने बरीच सुटते.

मग खरी चढाई. डेबियनमध्ये नियम सरळ आहे, एका वेळी एकच व्हर्जन, १० वरून थेट १२ नाही, १० ते ११, रीबूट, तपासा, मग ११ ते १२. उबुंटू एलटीएसचंही तसंच, १८.०४ वरून २०.०४, मग २२.०४, मग २४.०४, कमांड 'डू-रिलीज-अपग्रेड'. तीन पायऱ्या म्हणजे एक अख्खी दुपार धरा, नेट हळू असेल तर जास्त. एसएसएचवरून करत असाल तर आधी टीमक्स किंवा स्क्रीन उघडा, कनेक्शन मध्येच तुटलं तरी काम चालू राहील.

डेबियनवर सोर्सेसमध्ये बस्टरच्या जागी बुल्सआय लिहायचं, पण सिक्युरिटीच्या ओळीत एक मेख आहे, बस्टरपर्यंत ती 'बस्टर/अपडेट्स' अशी होती आणि ११ पासून 'बुल्सआय-सिक्युरिटी' अशी झाली, नुसतं शब्द बदलून भागत नाही. १२ ला जाताना वायफायचं वगैरे फर्मवेअर लागत असेल तर 'नॉन-फ्री-फर्मवेअर' हा नवा विभाग जोडायचा, नाहीतर फर्मवेअरला पुढचे अपडेट येणं बंद. मग ह्या क्रमाने:

एपीटी अपडेट
एपीटी अपग्रेड --विदाउट-न्यू-पीकेजीएस
एपीटी फुल-अपग्रेड

पहिला अपग्रेड काहीही न काढता, नवं काही न घालता जेवढं होईल तेवढं करतो, मग फुल-अपग्रेडचं काम हलकं होतं. फुल-अपग्रेड काय काय काढणार आहे ती यादी दाखवतो, ती वाचा. खरंच वाचा. त्यात अख्खा डेस्कटॉप किंवा डेटाबेस सर्व्हर दिसला तर 'एन' दाबून थांबा, कुठलं तरी बाहेरचं पॅकेज अडून बसलंय.

मध्ये मध्ये तो विचारेल की ही कॉन्फिग फाईल तुम्ही बदललेली आहे, जुनी ठेवू की नवी टाकू. सरसकट एंटर मारत सुटू नका, 'डी' दाबलं की फरक दिसतो. माझा ठोकताळा असा की जी फाईल आपण खरंच बदललीये, म्हणजे एसएसएच, वेब सर्व्हर, डेटाबेस, तिची जुनी ठेवायची आणि नंतर निवांत शेजारच्या '.डीपीकेजी-डिस्ट' फाईलशी ताडून बघायची, बाकी सगळं नवं घ्यायचं.

एसएसएचवाल्या सर्व्हरवर एक सेशन उघडं ठेवून दुसऱ्या खिडकीतून लॉगिन करून बघा, मगच पहिलं बंद करा. ओपनएसएसएच ८.८ पासून एसएचए-१ वाल्या आरएसए सह्या बंद आहेत, त्यामुळे सर्व्हर नवा झाला की एखादा पुराणा क्लायंट किंवा बॅकअपची जुनी स्क्रिप्ट आत येऊ शकत नाही. तिथे सर्व्हर ढिला करण्यापेक्षा क्लायंट बदला.

फेडोरावाल्यांना 'डीएनएफ सिस्टम-अपग्रेड' आहे आणि एका वेळी दोन व्हर्जनपर्यंत उडी चालते. सेंटओएस ७ वाल्यांना अल्मालिनक्सचा एलिव्हेट (जागेवरच पुढच्या सिस्टमवर नेणारं साधन) आहे, पण सर्व्हरवर दोन-चार सर्व्हिसच असतील तर नवा अल्मा किंवा रॉकी उभा करून डेटा हलवणं कमी डोकेदुखीचं.

आर्चचं प्रकरण वेगळं. तिथे व्हर्जन नाहीत त्यामुळे टप्पेही नाहीत, एकच लांब उडी. आधी आर्चच्या न्यूज पानावर मधल्या काळात हाताने काय काय करायला सांगितलंय ते वाचा, मग 'पॅकमॅन -एसवाय आर्चलिनक्स-कीरिंग' आणि लगेच, मध्ये दुसरं काही न टाकता, 'पॅकमॅन -एसयू'. अर्धवट अपग्रेड आर्चला चालत नाही, एकच पॅकेज नवं केलं आणि लायब्ररी जुन्या राहिल्या की सिस्टम लंगडी होते. २०१९ च्या आधीपासून अपडेट न केलेलं इन्स्टॉल असेल तर आणखी एक अडचण, डिसेंबर २०१९ च्या शेवटी पॅकेजेस झेडस्टँडर्ड कॉम्प्रेशनवर गेली आणि फार जुन्या पॅकमॅनला ती उघडताच येत नाहीत. अशा वेळी मी तरी सरळ नवं इन्स्टॉल करेन. झाल्यावर 'पॅकडिफ' चालवून '.पॅकन्यू' फाईल्स (शेजारी ठेवलेल्या नव्या कॉन्फिग) निस्तरा, त्या साचल्या की सहा महिन्यांनी काहीतरी विचित्र बिघडतं आणि कारण सापडत नाही.

अपग्रेड झाला म्हणजे सगळं चालेल असं नाही, कारण पॅकेज मॅनेजरच्या बाहेर पण बरंच काही असतं. पायथॉन ३.९ चं ३.११ झालं की जुने व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट मोडतात, ते परत बनवायचे, आणि बुकवर्मपासून सिस्टमच्या पायथॉनमध्ये पिप (पायथॉनची पॅकेजेस टाकणारं साधन) थेट काही टाकू देत नाही, त्याला जबरदस्तीचा ऑप्शन देऊन गप्प करू नका. पीएचपी ७.४ चं ८.२ झालं की जुन्या वेबसाइट पांढरं पान दाखवतात. पोस्टग्रेस तर डेबियनवर जुना आणि नवा शेजारी शेजारी बसतो आणि डेटा जुन्यातच राहतो, 'पीजी_अपग्रेडक्लस्टर' तुम्ही चालवेपर्यंत, तोवर ऑटोरिमूव्ह नको. फ्लॅटपॅक असेल तर 'फ्लॅटपॅक अपडेट' वेगळं, बायोस वगैरेसाठी 'एफडब्ल्यूअपडीएमजीआर अपडेट' वेगळं.

आणि किती वेळ झगडायचं? तीन किंवा जास्त व्हर्जन मागे, वर बाहेरच्या रिपॉझिटरी ढीगभर, वर कोणी हाताने कंपाइल करून /यूएसआर/लोकल मध्ये काय काय टाकलेलं, असं असेल तर बॅकअप हातात आहेच, नवं इन्स्टॉल करून /होम परत आणा. हार मानणं वगैरे काही नाही त्यात, बऱ्याचदा तेच लवकर होतं.

शेवटचं काम म्हणजे 'एपीटी लिस्ट ?ऑब्सोलीट' करून (प्रश्नचिन्हासकट, कोट्समध्ये घालून) जी पॅकेजेस आता कुठल्याच रिपॉझिटरीत नाहीत ती बघायची आणि नको असलेली काढायची, कारण त्यांना यापुढे कधीच अपडेट येणार नाही. मग 'अनअटेंडेड-अपग्रेड्स' टाका, फेडोराच्या घरात 'डीएनएफ-ऑटोमॅटिक' (तिथे अपडेट बसवायची सेटिंग चालू करून), सिक्युरिटी अपडेट्स आपोआप येत राहतील. पण हे फक्त चालू व्हर्जनच्या आतलं बघतं, पुढच्या व्हर्जनवर स्वतःहून नेत नाही, तेव्हा २२.०४ वर थांबला असाल तर २०२७ आणि २४.०४ वर असाल तर २०२९ अशी नोंद फोनच्या कॅलेंडरमध्ये आत्ताच टाकून ठेवा, तीन-चार महिने आधीची तारीख धरून.