जबड्याच्या ऑपरेशनआधी घरात काय तयार हवं

स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडण्याचा आजार, आहे; सीपॅपचा, म्हणजे हवेच्या दाबाने श्वासाची वाट उघडी ठेवणाऱ्या मशीनचा, मास्क मनापासून वापरून पाहिला, तरी झेपला नाही, आणि आता दोन्ही जबडे पुढे घेण्याचं ऑपरेशन सुचवलंय? मग तारीख घेण्याआधी फाईल लावा. स्लीप स्टडीचा, म्हणजे झोपेतल्या तपासणीचा, रिपोर्ट सगळ्यात वर. त्यातला एएचआय, म्हणजे झोपेत तासाला किती वेळा श्वास अडला किंवा मंदावला तो आकडा, घरातल्या एकाला तरी तोंडपाठ हवा. तो ३०च्या वर असेल तर आजार तीव्र.

सर्जनसमोर बसाल तेव्हा लाजू नका. वरचा नि खालचा जबडा कापून साधारण १० मिलिमीटर पुढे आणतात आणि टायटॅनियमच्या पट्ट्यांनी बसवतात. त्यामुळे जिभेमागची, टाळूमागची वाट रुंद होते. मग थेट विचारा: माझा चेहरा किती बदलेल? आधी दातांना तारा लावाव्या लागतील का? अक्कलदाढा कधी काढायच्या? खालचा ओठ नि हनुवटी बधिर होते, ती कधी पूर्ववत होईल? बहुतेकांची संवेदना काही महिन्यांत परतते, काहींना थोडा बधिरपणा कायम राहतो. हे घरच्यांनीही ऐकलेलं बरं.

गोव्यात बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा डेंटल कॉलेजात दाखवत असाल तर दीनदयाळ या सरकारी आरोग्य विमा योजनेचं कार्ड न्या आणि हे ऑपरेशन योजनेत बसतं का, ते तिथेच विचारा. खासगी विमा असेल तर सर्जनकडून निदानाचं पत्र घ्या. नाहीतर कंपनी याला सौंदर्यासाठीचं ऑपरेशन समजू शकते. चवथीच्या तोंडावरची तारीख शक्यतो टाळा. घरभर नेवऱ्यांचा वास आणि आपण नुसती पेज पीत बसायचं, हे माणसाला फार जड जातं.

सिगारेट आधीच बंद करा. हाड जुळायला ती आड येते. रक्त पातळ करणारी गोळी मात्र स्वतःच्या मनाने थांबवू नका. भूल देणाऱ्या डॉक्टरांना स्लीप ॲप्निया आहे हे तुम्ही स्वतः सांगा, फाईलमध्ये लिहिलंय म्हणून गप्प बसू नका. सीपॅप मशीन हॉस्पिटलात न्या. नंतर लावायचं की नाही ते सर्जन ठरवतील.

आता स्वयंपाकघर, खरी तयारी इथेच. साधारण सहा आठवडे चावायचं नाही. उकड्या तांदळाची पेज मऊ शिजवून मिक्सरला फिरवा, मग गाळा. वरचे-खालचे दात धरून ठेवणाऱ्या रबरबँडमध्ये एक शीतही अडकलं की वैताग येतो. नुसत्या पेजेवर वजन झपाट्याने उतरतं, म्हणून तीत तूप घाला, मुगाचं वरण घोटून मिसळा. माशाचं सार दोनदा गाळा, काट्याचा तुकडा चालणार नाही. सोलकढीत मिरची नको. सुरुवातीला तोंड उघडत नाही, तेव्हा नळी लावलेली मोठी सिरिंज कामाला येते, ती आधीच आणा.

पलंगाशी जास्तीच्या उशा, लहान मुलांचा मऊ ब्रश, ओठांना व्हॅसलीन, बर्फाच्या पिशव्या, आणि बोलता येणार नाही म्हणून वही-पेन. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते. भेटायला येणाऱ्यांना तेव्हा थोपवा. सर्जन हो म्हणेपर्यंत नाक शिंकरायचं नाही. शिंक आलीच तर तोंड उघडून.

पुढची स्लीप स्टडी साधारण सहा महिन्यांनी असते. घोरणं थांबलं म्हणून ती टाळू नका, आजार आटोक्यात आला की नाही ते तिच्यातूनच कळतं.